न विचारता केलेलं अभिनंदन

मी डिजिटल बोर्ड बोलतोय, म्हणजे छापलेला फ्लेक्स. दहा फूट लांब, आठ फूट उंच, गडमुडशिंगी गावच्या चौकात नऊ दिवस टांगलेला. अभिनंदनाच्या बोर्डानं हसतमुख असावं अशी रीत आहे. मला ती जमणार नाही. माझ्या अंगावर जे छापलं होतं ते खोटं होतं, आणि त्या खोट्यापायी एका वीस वर्षांच्या पोराचा जीव नऊ दिवस टांगणीला लागला होता.

माझा जन्म शहरात, शिवाजी पेठेतल्या एका छपाईच्या दुकानात झाला. ऑर्डर विश्वजितची. हा गावचा होतकरू पुढारी. निवडणूक जवळ आली की त्याला गावातली सगळी पोरं सख्ख्या भावासारखी वाटू लागतात. सैन्यभरतीची यादी लागली, त्यात ऋतुराजचं नाव दिसलं आणि तासाभरात स्वारी दुकानात हजर. पोराचा फोटो कुणाच्या तरी लग्नातला. दुकानदारानं त्यातलं मुंडकं तेवढं कापून घेतलं आणि बंदूक रोखलेल्या कुठल्याशा जवानाच्या धडावर बसवलं. वर लिहिलं, ‘गावचा वाघ निघाला सीमेवर! हार्दिक अभिनंदन!’ शेजारी हात जोडून विश्वजित. त्याचं तोंड पोराच्या तोंडाच्या दुप्पट. सैन्यात नक्की कोण चाललंय तेच कळेना.

आणि वाघ काही निघालेला नव्हता. तो घरी बसून विचार करत होता.

हे मला माझ्याखाली उभं राहून बोलणाऱ्यांकडून कळलं. बोर्डाला कान नसतात असा माणसांचा समज आहे, त्यामुळे ती मोकळेपणी बोलतात. ऋतुराजपुढं दोन वाटा होत्या. एक सैन्यात, अग्निवीर म्हणून चार वर्षं. दुसरी वारणानगरला, दुधाच्या डेअरीत शिकाऊ म्हणून. भरतीला तो मित्रांच्या नादानं गेला होता. सगळे पळाले म्हणून हाही पळाला, आणि नेमका हाच निवडला गेला. त्याचे वडील पिराजी फौंड्रीत कामाला. यादी लागली त्या संध्याकाळी त्यांनी पोराला सांगितलं होतं, "तुझं तू ठरव. कळवायला पंधरा दिवस हायती, घाई न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला टांगलं.

ऋतुराज सायकलवरून आला, मला बघितलं आणि एक पाय टेकून तसाच उभा राहिला. खाली विश्वजित आपल्या कंपूसोबत माझे फोटो काढत होता.

"दादा, हे कुणाला इचारून लावलं?"

"इचारायचं काय त्यात? अभिमानाची गोष्ट हाय की!"

"मी अजून जायचं ठरवलं न्हाय."

विश्वजितनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "मग आता ठरलं म्हण."

त्या थापेचा आवाज अजून माझ्या कानात आहे. माझ्या सुतळ्या तेव्हाच तुटून मी त्याच्या डोक्यावर का पडलो नाही, याचा मला आजही राग येतो.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. जाता-येता "काय फौजी!" सलूनवाल्यानं तर न सांगताच त्याचे केस बारीक करून टाकले. पोराला चौकातून जायची चोरी झाली, तो मळ्याच्या वाटेनं लांबून ये-जा करू लागला. पिराजी मात्र रोज कामावरून येताना माझ्यापुढं थांबायचे. एकदा पाखरानं माझ्यावर घाण केली, तर त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसली. त्या माणसावर मला रागावता येईना.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, बाप-लेक दोघं माझ्याखाली आले. ऋतुराज म्हणाला, "पप्पा, मला डेअरीला जाऊ वाटतंय."

पिराजींनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "आधी बोलायचं हुतंस. आता न्हाय म्हणलास तर मी ह्या रस्त्यानं जाऊ कसा?"

शेजारी चहाच्या गाड्यावर केरबा बसले होते. फौजेतले निवृत्त हवालदार, पण गाव त्यांना मेजरच म्हणतं. कप आपटून ते उठले.

"पिराजी, गोळी तुझ्या पोराच्या अंगावर येणार हाय, ह्या बोर्डाच्या न्हाय! एकवीस वर्षं काढल्यात मी तिकडं. मनानं आल्याली पोरं बघितली, आन् लाजंपायी आल्यालीबी बघितली. मनानं जात असंल तर मी सवता पोचवून येतो. पर लोकांच्या लाजंपायी पोरगं धाडू नगंस."

पिराजी तडक वळले. समोरच्या दुकानातून विळा आणि शिडी आणली, शिडी खांबाला लावली आणि स्वतः चढले. ऋतुराजनं खालून शिडी धरली. एकेक सुतळी कापायला पिराजींना चार-चारदा विळा फिरवावा लागला. चौक गोळा झाला. मी खाली कोसळलो, त्यांच्या पायाशी.

खाली उतरून त्यांनी विचारलं, "आता सांग. जातोस?"

"न्हाय, पप्पा."

एवढ्यात विश्वजित धावत आला. "पिराजीभाऊ, आता मी लोकास्नी काय सांगू?"

"सांग की! बापानं पोराला इचारलं आन् पोरगं न्हाय म्हणालं." त्यांचा आवाज फाटला होता, पण चौकाच्या पार पलीकडं ऐकू गेला.

आता मी विश्वजितच्या मंडळाच्या खोलीत गुंडाळलेला पडून आहे. ऋतुराज डेअरीत रुजू झाला. काहीजण अजून त्याला भित्रा म्हणतात. पिराजी तरीही रोज त्याच रस्त्यानं कामावर जातात. भित्रा म्हणणाऱ्यांपैकी एकाच्याही घरातलं पोरगं सैन्यात नाही, हे मी याच खोलीत ऐकलंय. आणि मला चीड येते ती याचीच.

पुढच्या भरतीची यादी लवकरच लागेल. विश्वजितचा माणूस कालच बोर्डाचं माप विचारत होता. माझी हात जोडून नाही, ओरडून विनंती आहे. छपाईच्या दुकानात जायच्या आधी यादीत नाव आलेल्या पोराच्या घरी जा. चार घरं सोडून तर राहत असेल तो. चहा पाजतील. बसा, आणि त्याला विचारा.