दोन विहिणींची कंबर

दोन विहिणींच्या मणक्यांमधल्या चकत्या एकाच वर्षी झिजल्या, पण डॉक्टर वेगवेगळे भेटले. मुलीच्या आईचे दोन मणके टायटॅनियमच्या सळ्या आणि स्क्रूंनी पक्के जखडले. मुलाच्या आईला मात्र स्क्रूंच्या मध्ये लवचिक पट्टा बसवला. तेव्हापासून भेट झाली की विषय ठरलेला.

"तुमचं काम भक्कम हो, विहीणबाई," मुलाची आई म्हणायची, "अगदी विजेच्या खांबासारखं!"

"आणि तुमचं झुलत्या पुलासारखं. वारा सुटला की सांभाळा!"

एका दुपारी मुलगा-सून बाजारात गेली होती, तेवढ्यात नात रांगत रांगत पलंगाखाली शिरली. बाहेर यायचं नावच घेईना.

"थांबा, मला वाकता येतं," म्हणत मुलाची आई ऐटीत वाकली, गुडघ्यांवर आली आणि तिथेच बसकण मारली. तिला उठवायला मुलीची आई पाठ ताठ ठेवून, भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकली आणि तीही बसली. दोन्ही आज्या जमिनीवर बघून नात खिदळत आपणहून बाहेर आली. आता उठायचं कसं, हे मात्र दोघींनाही कळेना. दोघी हसत सुटल्या.

मुलगा-सून परतली तेव्हाही त्या फरशीवरच होत्या.

"आई, काय झालं गं?" सून घाबरली.

"काही नाही," तिची आई म्हणाली. "कुणाचं ऑपरेशन जास्त चांगलं, ते बघत होतो."

"मग? काय ठरलं?" मुलाने हसू दाबत विचारलं.

"ते नंतर सांगते," त्याची आई म्हणाली. "आधी हात दे!"