सिली म्हणजे शिळी नव्हे

जुना म्हणा, झिजलेला म्हणा, पण मित्रांनो, मी रबरी शिक्का आहे आणि इथे रडगाणं गायला आलेलो नाही. माझ्या तळाला एकच इंग्रजी शब्द कोरलेला आहे, 'सिली'. तोही उलटा. तुम्हाला तो कागदावर सरळ दिसतो, मला कधीच वाचता आला नाही. त्यामुळे माझ्या नावाचा अर्थ मला दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावा लागला, आणि प्रत्येकाने वेगळाच सांगितला.

शिरवण्याला दत्तूकाकांच्या झेरॉक्सच्या दुकानात मी तयार झालो. शेजारी 'पोचले', 'रद्द' असे भारदस्त शिक्के होते. मला वाटलं, आपणही एखाद्या कचेरीत जाणार. गेलो उलव्याला, शौनक सरांच्या गणिताच्या क्लासमध्ये. साध्या हिशेबात चूक दिसली की सर मला जांभळ्या पॅडवर दाबायचे आणि पेपरवर खाडकन आपटायचे. इतक्या जोशात आपटायचे की पहिलं वर्षभर मी स्वतःला शाबासकी समजत होतो. पालकही म्हणायचे, "सर, शिक्क्याची आयडिया भारी आहे." पण मुलं मला थुंकी लावून पुसायला लागली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्या मुलांत आठवीतली दीक्षा होती. सारखा हात वर, सारखं "सर, पण असं का?" क्लासचा नियम असा की सहा महिन्यांत दहा शिक्के बसले की वरच्या बॅचमधून काढून 'बेसिक'ला बसवायचं. दीक्षाला नऊ बसले. दर शिक्क्यामागे तिचा हात थोडा खाली येत गेला, आणि नवव्यानंतर तो बाकावरून उठलाच नाही. हे माझ्यामुळे झालं, मित्रांनो. त्याची मला आजही लाज वाटते.

दहावा शिक्का बसला −३² या गणितावर. दीक्षाने उत्तर लिहिलं −९. सरांच्या उत्तरांच्या कागदावर होतं ९. पडलो मी तिच्या उत्तरावर. कितीतरी दिवसांनी तिने तोंड उघडलं, "सर, हे चूक कसं?"

"सिली क्वेश्चन नको विचारू. सोमवारपासून बेसिकला बस."

सगळा वर्ग हसला.

छाप होऊन मीही तिच्या दप्तरातून घरी गेलो, म्हणून पुढचं मला ठाऊक आहे. तिची आजी केशरबाई मूळची जालन्याकडची. तिला वाचता येत नाही. जांभळ्या शिक्क्यावर बोट ठेवून तिने विचारलं, "काय लिवलंय गं?"

"सिली."

"शिळी? भाकर शिळी असती. माणूस कसं शिळं व्हईल?"

दीक्षा रडता रडता हसली. तिचा भाऊ प्रितम क्रिकेट खेळतो. तो म्हणाला, "आमच्यात सिली पॉइंट म्हणजे बॅट्समनच्या अगदी नाकासमोर उभं राहून फील्डिंग करायची. तिकडे फट्टू टिकत नाय." मग दीक्षाने मोबाइलवर शोधलं. फार पूर्वी या शब्दाचा अर्थ होता सुखी, भाग्यवान. पुढे झाला भोळा, मग बिचारा, आणि घसरत घसरत मूर्ख. आपल्याकडे 'शहाणाच आहेस' म्हटल्यावर कुणी खूश होतं का? तसंच हे.

"म्हणजे शब्द चांगला होता, लोकांनीच बिघडवला," दीक्षा म्हणाली. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

सोमवारी ती आजीला घेऊनच क्लासला आली.

"सर," केशरबाई म्हणाली, "माझी नात शिळी का ताजी, ते तिला फळ्यावर दाखवू द्या. मग कुठंबी बसवा."

दीक्षाने खडू घेतला. −३² फळ्यावर लिहिलं. "सर, इथे कंस नाही. म्हणून वर्ग फक्त तीनचा होतो आणि उणे बाहेरच राहतो. कंस असता तर नऊ आलं असतं."

सरांनी आपला उत्तरांचा कागद पुन्हा तपासला. त्यांचे कान लाल झाले. "बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "माझीच सिली मिस्टेक झाली."

"मग मारा की शिक्का," केशरबाई म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी मला उचललं, पॅडवर टेकवलं, कागदावर नेलं आणि त्यांचा हात तिथेच अडला. पाच वर्षं मुलांच्या पेपरवर बेधडक पडणारा हात स्वतःच्या कागदावर उतरेना. मी मात्र तयार होतो, शाईसकट.

"राहू द्या, सर," दीक्षा म्हणाली. "तो शिक्का मला द्या."

सरांनी दिला. बेसिकचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता मी दीक्षाच्या कंपासपेटीत असतो. जो प्रश्न विचारायची भीती वाटते, त्याच्या शेजारी ती वहीत मला उमटवते. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये वही उघडायची आणि जितके शिक्के, तितक्या वेळा हात वर करायचा, हा तिचा नियम. काल पाच होते. पाचही वेळा हात वर गेला.

तेव्हा मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. मला असंच झिजायचं आहे. तुमच्याकडे दुसऱ्यावर मारायचा शिक्का असेल, तर तो आधी स्वतःच्या कागदावर मारून बघा. हात अडला, तर तो शिक्का दीक्षाकडे पाठवून द्या. तिच्या कंपासपेटीत अजून जागा आहे.