गुरुवारी रंगवलेली ट्रॉली

गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५. आभाळ दाटलेले, पाऊस नाही. हवा इतकी चिकट, की ओले काही वाळत नव्हते.

मी एक लोखंडी ट्रॉली, चिखलीतल्या एका छोट्या, पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या प्रेसशॉपमधली. भंगारातले अँगल जोडून एका वेल्डरने मला दुपारभरात उभे केले. चार चाके दिली. त्यातले पुढचे डावे पहिल्या दिवसापासून अडते. तेव्हापासून मला स्वस्थता माहीत नाही. पार्ट भरायचे, टेम्पोपर्यंत जायचे, रिकामे परत यायचे. जरा थांबले, की कुणीतरी पायाने बाजूला सारतो.

सात वर्षे मला ढकलतो तो ज्योतीराम, परळीकडचा. गावाला त्याने सांगून ठेवले आहे, की तो कंपनीत सुपरवायझर आहे. मला हे ठाऊक आहे, कारण गावचे फोन तो माझ्या दांड्याला टेकूनच घेतो, आणि तेवढ्यापुरता त्याचा आवाज जाड होतो.

त्याची मुलगी उत्कर्षा बारावीत. कॉलेज सुटले की शॉपमध्ये येते, उलट्या क्रेटवर बसून रसायनशास्त्र पाठ करते आणि शिफ्ट संपली की बापाच्या मागे गाडीवर बसून घरी जाते. तिची मैत्रीण तनुजा हिने बारावीच्या वर्षावर एक गाणे रचून गायले. त्या गाण्याचा व्हिडिओ उत्कर्षा करणार होती. वर्गातला जयदीप मोबाइल धरणार होता. त्याला व्हिडिओत ताथवड्याच्या एका कॅफेतले जांभळे दिवे हवे होते.

"आपण कधी गेलोय का रे तिथं?" ती म्हणाली. "मी रोज इथं असते. माझे पप्पा ट्रॉली ढकलतात. हेच घ्यायचं."

ज्योतीरामला मात्र तिने एवढेच सांगितले: गुरुवारी शूटिंग आहे, ट्रॉली लागेल. गुरुवारी सगळ्या औद्योगिक वसाहतीला सुट्टी. शेठने किल्ली दिली.

सकाळी सातलाच तो आला. दसऱ्याला मशिनांना लावलेला निळा रंग डब्यात उरला होता. त्याने माझे सात वर्षांचे ग्रीस थिनरने पुसले, मला रंगवले, हळदीकुंकू लावले, झेंडूची माळ बांधली. मग इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेजारी उभा राहिला.

दहाला मुले आली.

"काका, ट्रॉलीचं लगीन हाय का काय?" जयदीप हसला.

उत्कर्षा हसली नाही. "पप्पा, हे काय केलंत? मला ती रोजच्यासारखी हवी होती. आणि तुम्हीसुद्धा."

"रोजच्यासारखी घाण? गावाकडची लोकं बघतेत की हे."

"बघू देत."

"मी ढकलताना दिसणार नाही. तिकडं काय सांगितलंय, तुला माहीत हाय."

दोघे माझ्या दोन बाजूंना उभे. मला कुणीतरी हलवावे, असे झाले होते.

उत्कर्षाने माळ सोडली, भरलेली क्रेट माझ्यावर ठेवली आणि कॉलेजच्या गणवेशातच ओल्या दांड्याला हात घातला. तळवे निळे झाले. दोन पावलांवर मी डावीकडे वळले आणि प्रेसच्या पायावर आदळले. जयदीपने मोबाइल चालूच ठेवला होता.

"अगं, तशी नको!" मागून ज्योतीराम ओरडला. "चाक अडतंय तिचं. आधी मागं घे. अजून जरा. आता उजव्या हातानं दाब. पोट लावू नको, कंबर धरंल!"

तिने मागे घेतले, दाबले, आणि मी सुटले. सरळ शटरपर्यंत.

मोबाइलवर सगळ्यांनी वाकून पाहिले. ओरडणेही आत आले होते.

"पप्पा, तुमचा आवाज काढू का?"

ज्योतीरामने बाहीला लागलेला निळा डाग अंगठ्याने घासला. "गाणं बिघडतंय का त्यानं?"

"नाही."

"मग राहू दे."

माझा रंग आठवडाभरात खरवडून गेला. आता पुन्हा ग्रीस. पुढच्या दसऱ्याला कुणाच्या मनात आलेच, तर रंग नको, तेवढे चाक बदला.

व्हिडिओ रविवारी, १९ ऑक्टोबरला इंटरनेटवर चढला. लांबी तीन मिनिटे बारा सेकंद. ज्योतीराम त्यात कुठेही दिसत नाही. त्याचा आवाज अकरा सेकंद आहे. गावच्या ग्रुपवर त्याने व्हिडिओ अजून टाकलेला नाही.