पंचनामा होईपर्यंत

शेवटच्या साध्या दिवशी आई मटकी निवडत होती आणि नदी दाराबाहेर उभी होती, छातीएवढी उंच, आत न येता.

"विरजण मागायला आल्यासारखी उभी राहिलीय," आई फोनवर म्हणाली. मग, "दोन दिवस तुझ्याकडे येऊ का गं?"

"आधी पंचनामा होऊ दे," मी म्हणाले. " घर बंद दिसलं की भरपाईच्या यादीतून नाव कापतात. मागच्या पुरात हौसामावशीचं कापलं ना?"

"बरं. तुला कळतं त्यातलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीत पोचले. गल्ली कोरडी होती. आईच्या खोलीत पाणी पत्र्यापर्यंत भरलं होतं. दार सताड उघडं होतं, तरी थेंबही बाहेर येत नव्हता. पाणी चौकटीत काचेसारखं उभं होतं. आत आई कॉटवर बसली होती, मांडीवर कागदपत्रांची पिशवी. तिचे केस वर तरंगत होते. ती पापणी न हलवता माझ्याकडे बघत होती.

हौसामावशी समोरच्या दारात उभी होती. "शाळेत चल म्हणून किती विनवलं. म्हणते कशी, माझी पोरगी शिकलेली हाय, तिनं बसून राहा म्हणून सांगितलंय."

मी पाण्यावर तळवा ठेवला. ते फरशीसारखं टणक आणि गार होतं.

अकरा वाजता पंचनाम्याचे साहेब आले. "घरात कोण आहे?"

आईनं पिशवीतून आधार कार्ड काढून दाखवलं. तिचे ओठ हलले.

"आवाज आला पाहिजे," साहेब म्हणाले.

"ती बोलतेय."

"मला ऐकू येत नाही, ताई." त्यांनी भिंतीवर खडूनं लिहिलं: बंद.

त्याबरोबर गल्ली हातभर अरुंद झाली. ते पुढच्या घराशी गेले, तिथंही बंद लिहिलं. गल्ली आणखी हातभर आत आली. हौसामावशी दारासकट भिंतीत मिटली. मग ती भिंत माझ्या पाठीला टेकली. मला श्वास पुरेना. पाणी नाकापासून बोटभर अंतरावर होतं आणि पलीकडे आई येऊन उभी राहिली होती. तिचे ओठ पुन्हा हलले. ती फोनवरचं तेच विचारत होती.

लांबून खडूचा आवाज येतच होता.

"ये, आई," मी म्हणाले. "नाव कापू दे. माझ्याकडे ये."

आईनं पदर खोचला, आणि माझ्या तळव्याखालचं पाणी मऊ झालं.