वायरीच्या टोकाचं टोपण

सुजयने पेणच्या घरातले तीन कॉम्प्युटर एका वायरीने जोडले होते. कंपनीचं काम परवा द्यायचं, आणि गणेशचतुर्थीच्या दुपारी चालू करतो तर तिन्ही एकमेकांशी बोलेनात.

“आये, वायरीच्या टोकाचं चकचकीत टोपण कुठाय? त्याच्याबिगर सगळंच बंद पडतं. दुकानंपण सणाची बंद!”

पुढे काही जोडलेलं नाय, तर टोपण कशाला मिरवायचं, म्हणून मैनाबाईंनीच ते सकाळी उपटून आपल्या मूर्तींच्या कारखान्यातल्या गणपतीच्या मुकुटावर कळस म्हणून बसवलं होतं.

“रोह्याला गेलेल्या मूर्तीवर हाय,” त्या पुटपुटल्या.

“मग आत्ता जाऊन काढून आणतो!”

“हात तोडीन मेल्या! प्राणप्रतिष्ठा झालेल्या देवाचा मुकुट ओरबाडतोस?”

“किती दिवसांचा गणपती हाय तो?”

मैनाबाईंनी देवाला हात जोडले.

“अकरा.”