बाईंचं नाक

विभागाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत सूचना होती : प्लेटचा वास घेऊ नये. खाली सही बाईंची. आणि साऱ्या विभागात प्लेटचं झाकण उचलून बिनदिक्कत नाक खुपसणारं माणूस एकच, ते म्हणजे बाई. कुणी नियमाची आठवण करून दिलीच तर म्हणायच्या, "नियम तुमच्यासाठी. माझं नाक नोकरीला लागलं तेव्हा हा कागद जन्मायचा होता."

सूक्ष्मजीवशास्त्राच्या त्या विभागप्रमुख. पेशंटच्या रक्तातले, पुवातले जंतू प्लेटवर वाढवायचे, ओळखायचे आणि कुठलं औषध चालेल ते वॉर्डाला कळवायचं, हे तिथलं रोजचं काम. जंतू ओळखायच्या यंत्राला वेळ लागायचा. बाई एका हुंगण्यात नाव सांगून मोकळ्या. दुपारी यंत्र निमूटपणे त्यांचंच म्हणणं खरं करायचं.

एमडीच्या विद्यार्थ्यांत जी सगळ्यात धाकटी, तिला सारे शेंडेफळ म्हणत. मुलखाची भित्री पोर. पेशंटशी बोलायची धास्ती, म्हणून हा विषय घेतला. जंतू निदान उलटून बोलत नाहीत. पण पडली बाईंच्या तावडीत. बाईंनी तिला रोज सकाळी शेजारी बसवून प्लेटा वाचायला शिकवल्या, चुकली की सोलून काढली, आणि डबा विसरली की आपल्यातलं अर्धं तिच्यापुढे सरकवलं. पोरीनं बाईंवर आईइतकाच जीव लावला.

तिच्या एमडीच्या शेवटच्या वर्षी बाईंनी वास घेणं बंद केलं. सगळ्यांना गंमत वाटली. लॅबमधले शिपाईमामा म्हणाले, "उशिरा का होईना, बाई सुधारल्या." शेंडेफळही हसली. मग एका दुपारी मामांनी चहा आणून ठेवला. शेंडेफळनं कप तोंडाशी नेला आणि नाक मुरडून खाली ठेवला. बाईंचा अर्धा पिऊन झाला होता.

"साखर जरा कमीच झालीय," बाई म्हणाल्या.

"बाई, दूध नासलंय."

बाईंनी कपाकडे पाहिलं आणि तिला दार लावायला सांगितलं.

"वास गेलाय माझा," त्या म्हणाल्या. "सर्दी नाही, पडसं नाही. आईचंही असंच झालं. आधी वास गेला, मग शब्द, मग आम्ही. शेवटी शेवटी मला नर्सबाई म्हणायची आणि घरी कधी सोडणार म्हणून विचारायची. भावाला अजून सांगितलं नाही. तो लगेच घरी बसवेल." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "ऐक. ज्या दिवशी माझ्या हातून प्लेट चुकेल, त्या दिवशी तू मला सांगायचं. तोंडावर. मागं कुजबुज नको. मी चिडले तरी हटायचं नाही. कबूल?"

शेंडेफळनं मान हलवली.

आणि मग या शहाणीनं काय करावं? सांगायचं राहिलं बाजूलाच, ती झाकत सुटली. "तो गं, सगळ्या प्लेटभर पसरतो तो..." म्हणत बाई अडल्या की ही पटकन नाव पुरवायची. "तेच म्हणतेय मी," बाई म्हणायच्या. बाईंनी सही केलेला प्रत्येक रिपोर्ट ती गुपचूप पुन्हा वाचायची. शब्द अडणं म्हणजे काही प्लेट चुकणं नव्हे, अशी स्वतःचीच समजूत घालायची. मनातून सगळं कळत होतं तिला. पण बाई घरी बसल्या तर आपलं काय उरेल, हा विचार ती पुढे जाऊच द्यायची नाही.

एके सकाळी तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्लेट आली. बाईंनी ओझरती नजर टाकली. "कातडीवरचे भुरटे जंतू. सुई टोचताना आत आले. सोडून दे." रिपोर्टवर सही केली आणि आपल्या खोलीत गेल्या.

बाईंनीच शिकवलेलं होतं : बाळाच्या रक्तात काड्यांसारखे जंतू दिसले, तर ते हलतात कसे हे थेंबात, सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय उठायचं नाही. शेंडेफळनं थेंब बघितला. काड्या कोलांट्या उड्या मारत होत्या. लिस्टेरिया. बाळांच्या जिवावर उठणारा जंतू, आणि चालू असलेलं औषध त्याला शिवतसुद्धा नाही. तिनं तडक वॉर्डात फोन केला, औषध बदलायला लावलं आणि फोन ठेवून नवा रिपोर्ट लिहिला.

आता गप्प बसणं अगदी सोपं होतं. नवा रिपोर्ट सह्यांच्या गठ्ठ्यात सरकवला असता, तर बाईंनी न वाचता सही केली असती. ती बराच वेळ कागद धरून उभी राहिली. मग बाईंच्या खोलीत गेली.

"बाई, सकाळची बाळाची प्लेट चुकली."

"कुणाची?"

"तुमची."

बाईंनी चष्मा काढला. "चार प्लेटा बघितल्यास आणि मला शिकवायला आलीस? कुणी सांगितला तुला हा आगाऊपणा?"

"तुम्हीच, बाई."

"मी? मी केव्हा सांगितलं?"

बाई टाळताहेत असं तिला आधी वाटलं. मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला. बाई खरंच शोधत होत्या. नासलेला चहा, लावलेलं दार, ते वचन, काही म्हणता काही तिथं उरलं नव्हतं. ज्याच्या आधारानं ती एवढं बोलायला आली, ते आता तिला एकटीलाच ठाऊक होतं.

तिनं सगळं सांगितलं. बाई वॉर्डातल्या एखाद्या केसची माहिती ऐकावी तशा, मध्ये न बोलता ऐकत होत्या.

"आईचंही सांगितलं मी?"

"हो. तुम्हाला नर्सबाई म्हणायच्या ते."

हे घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मग बरोबरच सांगितलं होतं मी," त्या शेवटी म्हणाल्या. "बाळाचं काय?"

"औषध बदललंय."

"ते आधी सांगायचं असतं. आधी पेशंट, मग आपले रुसवेफुगवे." त्यांनी नवा रिपोर्ट वाचला, आणि सही न करता तिच्याकडे परत दिला. "विभागातल्या दुसऱ्या कुणा सरांची सही घे. आणि भावाला फोन लाव. तूच बोल." ती उठली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. "हे बघ, मी उद्या पुन्हा येईन. पुन्हा विचारीन कुणी सांगितलं म्हणून. चिडेनसुद्धा. पुन्हा सांगशील?"

दुसऱ्या दिवशी भाऊ न्यायला यायच्या आधीच बाई हजर. पांढरा कोट चढवून, रोजच्या खुर्चीत बसून त्यांनी प्लेटांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. "काय शेंडेफळ, आज तोंड का उतरलंय? चल, बस."

शेंडेफळनं बाकीच्यांना बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं. मग ती बाईंच्या शेजारी येऊन बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.