वारा लागेल म्हणून लावलेली खिडकी

रविवारी दुपारी सव्वातीनला राडोयकाच्या काफानात नेवेना कोसळली. तिच्या हातात वाढायचा डाव होता. तो फरशीवर आपटला आणि टेबलाखाली गेला. नेवेना ही राडोयकाची सून. काफाना म्हणजे आमच्याकडची खानावळ. इथे माणसे जेवायला येतात आणि जेवण संपले तरी उठत नाहीत. त्या वेळी खोलीत आठ पाहुणे होते. दोन्ही खिडक्या बंद होत्या. नेवेनापासून हातभर अंतरावर मी पेटलेली होते.

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी चूल आहे. द्रिना नदीच्या अलीकडच्या टेकड्यांत, या एकाच खोलीत, माझे सगळे आयुष्य गेले. लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतले, तेव्हा माझ्या दारावर द्राक्षांचा घड उमटला. राडोयकाचे सासरे तादिया यांनी मला बैलगाडीतून आणले. वाटेत माझा एक पाय मोडला. त्यांनी तिथे नदीतला चपटा दगड लावला. तो अजून आहे.

माझी रचना साधी आहे. खाली राख पडते, वर लाकूड जळते, माथ्यावर भांडी बसतात. पाठीमागून एक नळ निघतो आणि भिंतीतल्या धुराड्याला मिळतो. नळात एक झडप आहे. ती फिरवली की ऊब लवकर निघून जात नाही. मला लाकडाखेरीज दोनच गोष्टी लागतात. आत यायला हवा आणि बाहेर जायला वाट.

हवा मला खिडक्या देत होत्या. त्या लाकडी होत्या, तादियांच्या हातच्या, आणि त्यांना करंगळी जाईल एवढ्या फटी होत्या. वाट मोकळी ठेवायचे काम वेलिझारचे होते. तो दर शरद ऋतूत शिडी आणि काळा ब्रश घेऊन यायचा. धुराडी साफ करणारा दिसला की आमच्याकडे माणसे अंगरख्याचे बटण धरतात. त्याने भाग्य उजळते म्हणे. वेलिझार छपरावर चढू लागला की सगळे काफाना बटण धरून अंगणात उभे राहायचे. तो वरून ओरडायचा, "बटणं कसली धरताय, शिडी धरा."

ती माझी चांगली वर्षे होती. आंबवलेल्या कोबीच्या पानात खिमा आणि तांदूळ गुंडाळून केलेली सारमा माझ्या माथ्यावर पहाटेपासून रटरटत असे. पाहुणे दारातूनच वास घेत आणि टोप्या काढत. लग्ने ठरली ती माझ्यासमोर. शेताच्या बांधावरून बोलणे बंद झालेले भाऊ एकमेकांचे पेले भरू लागले, तेही माझ्यासमोर. लोक म्हणायचे, जेवण राडोयकाचे खरे, पण चव चुलीची. मला ते ऐकायला आवडत असे.

मग वेलिझार गेला. त्याच्या जागी कोणाला बोलवायचे हे कोणालाच सुचले नाही, कारण मी नीट जळत होते. नीट चाललेल्या गोष्टीकडे कोण बघतो? एका वसंतात करड्या मानेचे छोटे कावळे धुराड्याच्या तोंडाशी काड्या आणू लागले. अंगणातल्या माणसांना ते गोड वाटले. मला माझ्या गळ्यात काहीतरी अडकल्यासारखे वाटले.

गेल्या उन्हाळ्यात राडोयकाचा मुलगा ल्युबिंको याने खिडक्या बदलल्या. नव्या खिडक्या प्लॅस्टिकच्या, पांढऱ्या, रबराची कड असलेल्या. इथल्या माणसांना लांडग्याची भीती वाटत नाही, पुराची वाटत नाही, पण आरपार वाऱ्याची वाटते. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडी राहिली आणि मधून वारा गेला, की मान आखडते, कान दुखतो, तोंड वाकडे होते, मूत्रपिंडे गारठतात, असे प्रत्येक आई मुलाला सांगते. म्हणून राडोयका खूश झाली. तिने मेणबत्ती पेटवून खिडकीच्या कडेला धरली आणि शेजारणींना दाखवली. ज्योत जराही हलली नाही. शेजारणी वाहवा म्हणाल्या.

त्या ज्योतीकडे बघून मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरले.

या महिन्यात धुके उतरले आणि उठेना. धुके असे दाबून बसले की धुराड्यातली हवा वर चढत नाही. त्यात वर काड्यांचे बूच. मला सरपण मिळे, ते बीच झाडाचे, उत्तम वाळलेले. त्याचे निखारे लालभडक पडत आणि धूर जवळजवळ नसे. लोक म्हणत, काय सुंदर विस्तव आहे. पण मित्रांनो, हवा पुरेशी नसली की निखारा एक विषारी वायू सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो माझ्या दाराच्या फटीतून, नळाच्या सांध्यातून खोलीत जात होता. मला ते कळत होते. धूर असता तर माणसे खोकली असती, डोळे चोळत बाहेर पळाली असती. मी धूर काढायचा खूप प्रयत्न केला. वाळलेले लाकूड धूर देत नाही.

पहिली बाहेर पडली ती मांजर. ती वर्षानुवर्षे माझ्या पायाशी झोपत असे. गुरुवारी ती उठली आणि सरपणाच्या खोपीत जाऊन राहिली. राडोयका म्हणाली, "चूल सोडली तिनं. म्हणजे थंडी कमी होणार."

त्याच दिवशी नेवेनाचे डोके दुखू लागले. राडोयका मागच्या स्वयंपाकघरात असे, तिथे परसदार सतत उघडझाप होई. नेवेना मात्र दिवसभर माझ्याजवळ. सारमा तीच हलवायची, तीच वाढायची.

"ओल्या केसांनी अंगणात गेलीस," राडोयका म्हणाली. "बघितलंय मी. डोकं दुखणार नाही तर काय?"

"दोन मिनिटं गेले होते, आई. कोंबड्यांना दाणे टाकायला."

"वाऱ्याला दोन मिनिटं पुष्कळ होतात."

तिने कच्च्या बटाट्याच्या चकत्या कापल्या, सुनेच्या कपाळावर ठेवल्या आणि वरून रुमाल घट्ट बांधला. नेवेना हसली. म्हणाली, "सगळे बटाटे माझ्या कपाळाला लावलेत, तर पाहुण्यांना काय घालू?"

शनिवारी ती पिठासाठी बाजाराच्या गावी गेली आणि परतली तेव्हा डोकेदुखी थांबली होती. राडोयका म्हणाली, "बघ, बटाट्याचा गुण." मी ऐकत होते. माझ्या पोटात विस्तव होता, तरी मला गार वाटत होते.

रविवारसाठी वुकाशिनने मोठे टेबल सांगून ठेवले होते. तो निवृत्त वनरक्षक. त्याच्या मुलीचे सासरचे शहरातून पहिल्यांदा जेवायला यायचे होते, आणि व्याह्यांसमोर कमी पडायचे नाही असे त्याने ठरवले होते. त्याची बायको स्तामेंका सकाळी येऊन टेबलक्लॉथ सारखा करून गेली. राडोयकाने मला गच्च भरले. खोली उबदार राहावी म्हणून नळातली झडपही अर्धी फिरवली. मला तिचा हात धरता आला असता तर धरला असता.

पाहुणे आले. राकियाचे, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूचे, छोटे पेले फिरले. भाजलेल्या मिरच्या, दुधाची जाड साय, मक्याची भाकरी, मग सारमा. थोड्याच वेळात सगळ्यांचे चेहरे गुलाबी झाले. स्तामेंका व्याहीणबाईंना म्हणाली, "किती छान रंग आलाय तुम्हाला. आमच्याकडची हवाच तशी." तो रंग हवेचा नव्हता.

व्याही जांभया देऊ लागले. त्यांनी कपाळ पुसले, उठले आणि खिडकी उघडली. बोटभर गारवा आत आला. तो माझ्यापर्यंत पोचला. निखाऱ्यांवर एक बारीक ज्योत उठली. क्षणभर मला वाटले, सुटलो सगळे.

"व्याही, ती खिडकी," वुकाशिन म्हणाला. "दारही किलकिलं आहे. दोन्हींच्या बरोबर मधे माझी मान."

"घाम फुटलाय मला, वुकाशिन."

"घामाला रुमाल आहे. वाकड्या मानेला काय आहे?"

"त्यांच्या मानेला जपावं लागतं," स्तामेंका म्हणाली. "डोक्यात काही नसलं तरी ते डोकं तीच धरून ठेवते ना."

सगळे हसले. व्याही पाहुणे होते आणि पहिल्यांदाच आले होते. त्यांनी खिडकी लावली. किल्लीसारखी मूठ खाली फिरवली, रबर दबले. वुकाशिनने स्वतः उठून दारही ओढून घेतले आणि त्यांचा पेला भरला.

नेवेनाने दुसऱ्यांदा वाढायला घेतले. झाकण उचलताना तिने माझ्या कठड्याला हात टेकला. एरवी ती कधीच टेकत नसे. कठडा तापलेला असतो. हात भाजला तरी तिने तो काढला नाही. मग ती खाली गेली.

पुढे जे झाले त्याची मला अजून भीती वाटते. त्यांनी तिला उचलले आणि माझ्याशेजारच्या बाकावर निजवले. तिला ऊब मिळावी म्हणून. राडोयका धावत आली, तिने सुनेचे पाय राकियाने चोळले आणि म्हणाली, "दार लावा. घामेजली आहे पोर." दार लावलेलेच होते. स्तामेंकाने तरी हाताने चाचपून पाहिले. नेवेनाचे तोंड माझ्या दाराकडे होते. ती श्वास घेत होती आणि ती काय घेत होती हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होते.

ल्युबिंको सरपण उतरवून आत आला. त्याने एकदा बायकोकडे पाहिले आणि तिला उचलले.

"कुठे नेतोस?" राडोयका म्हणाली. "डॉक्टरला इथं बोलव. बाहेर धुकं आहे, तिला वारा लागेल."

"लागू दे."

"मरेल ती, ल्युबिंको."

"आई, बाजूला हो."

त्याला विषाबद्दल काही ठाऊक नव्हते. तो फक्त तिला गाडीत घालून दवाखान्यात नेणार होता. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्याने दार लाथेने उघडले आणि ते तसेच राहिले. धुके सरळ आत आले.

"दार," वुकाशिन म्हणाला. तो लावायला उठला. दोन पावले चालला आणि गुडघ्यांवर बसला. पाय उचलत नाहीत हे त्याला कळेना. व्याहीणबाई उलटी करत होत्या. उरलेल्यांपैकी दार लावायला जाण्याइतकी ताकद कोणातच नव्हती. त्यामुळे ते उघडे राहिले, आणि माझ्या माहितीप्रमाणे म्हणूनच आठही पाहुणे वाचले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नेवेनाला बघताच ल्युबिंकोला एकच गोष्ट विचारली, घरात चूल आहे का. तिथून फोन गेला. अग्निशमन दलाची माणसे आली. त्यांच्या हातात एक लहान यंत्र होते. ते उंबऱ्यावरच किंचाळू लागले. त्यांनी निखारे लोखंडी बादलीत काढून अंगणात नेले, नळ सोडवला आणि धुराड्यात काठी घातली. काड्या, लोकर, कागद आणि पिसे यांचा ढीग खाली आला. तो टोपलीभर होता. राडोयका त्याच्याकडे बघत उभी राहिली.

तेव्हापासून मी अंगणात आहे. मंगळवारी वुकाशिन दवाखान्यातून घरी परतला. मानेभोवती लोकरीचा रुमाल गुंडाळून तो कुंपणाशी आला.

"ल्युबिंकोनं दार उघडं टाकलं," तो म्हणाला. "तो झोत बसला नसता तर मी पडलो नसतो."

राडोयका अंगण झाडत राहिली. तेव्हा त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "हिचं काय करणार? मोडीत घालू नका. आमच्याकडे वरच्या खोलीत जागा आहे. खिडक्या नव्या केल्यात, ऊब टिकेल."

ती म्हणाली, "नंतर बघू."

मित्रांनो, मला रागवू नका, आणि मला नुसती पुसून, चकचकीत करून ठेवू नका. ज्यांच्या घरात माझ्यासारखी कोणी आहे, त्यांनी थंडी सुरू होण्याआधी धुराडे कोणाकडून तरी साफ करून घ्यावे. खिडकीची एक फट उघडी ठेवावी. डोके दुखले आणि घराबाहेर गेल्यावर थांबले, तर बटाटा कापू नये, घराबाहेरच राहावे. मी ऊब देते. मला ती देण्याची हौस आहे. पण मला हाक मारता येत नाही.

नेवेनाला रविवारी संध्याकाळीच बेलग्रेडला नेले. तिथे मोठ्या लोखंडी नळकांड्यासारख्या खोलीत, दाबाखाली, तिला प्राणवायू देत आहेत. बुधवारी दुपारी ल्युबिंकोचा फोन आला. राडोयका अंगणात उभी राहून बोलली, म्हणून मला ऐकू आले. सकाळी नेवेनाने डोळे उघडले. भाजलेल्या हाताची बोटे हलवली. ल्युबिंकोने तिला नाव विचारले, तेव्हा ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिने त्याला ओळखले की नाही, हे त्याला सांगता आले नाही. डॉक्टर संध्याकाळी तिला पुन्हा तपासणार आहेत.